अस्सल दुःखाची खिडकी

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार निवारण कक्षात कामाच्या वेळेत खासगी फोन घ्यायला मनाई होती. त्यामुळे बायको गेल्याची बातमी बघूभाऊंना जेवणाच्या सुट्टीत कळली.

ती गेली होती सकाळीच, साहेब हजेरी बघून जागेवर बसले त्या सुमारास. हॉस्पिटलमधून नर्सने पुन्हा पुन्हा फोन केला. पण फोन नियमाप्रमाणे साहेबांच्या टेबलाच्या खणात होता आणि खण नियमाप्रमाणे कुलूपबंद होता. तेवढ्या वेळात बघूभाऊंनी खिडकीत बसून नळाला पाणी न येण्याच्या, नळाला गढूळ पाणी येण्याच्या आणि रस्त्यावर फुकट पाणी येण्याच्या भरपूर तक्रारी ऐकल्या आणि प्रत्येकीवर "बघू" असं म्हटलं. या एका शब्दावरूनच ऑफिसात त्यांना बघूभाऊ म्हणत. त्यांचं खरं नाव पगाराच्या पावतीवर होतं, पण ते वाचायला कुणी जात नसे.

साहेबांनी खण उघडून फोन दिला. बघूभाऊंनी हॉस्पिटलला फोन लावला, ऐकलं, फोन खाली ठेवला आणि साहेबांना सांगितलं.

"वाईट झालं," साहेब म्हणाले. "तो फोनचा नियम मी केलेला नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"हो साहेब."

"तुम्ही रजा घ्या. अगदी पूर्ण घ्या. संकोच करू नका. फक्त परवापासून घ्या."

"परवापासून?"

"उद्या मुख्य कार्यालयाची पाहणी आहे. खिडकी रिकामी दिसली तर माझी वाट लागेल."

"साहेब, तिला आज न्यायचं आहे."

"छे छे, आजचं आजच उरका. त्याला माझी काही हरकत नाही," साहेब मोठ्या मनाने म्हणाले.

त्या रात्री घरात माणसं होती. मुलगी परगावाहून आली होती, ती आईच्या खोलीचं दार लावून रडली. बघूभाऊ रडले नाहीत. चारचौघांत रडणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्यांनी मनाशी ठरवलं, माणसं गेली की परवापासून रजा आहे, तेव्हा दार लावून व्यवस्थित रडू. बायको असती तर म्हणाली असती, "यातसुद्धा बघू!" ती तशीच होती. तोंडाने फटकळ. एकदा ते दिवसभर गप्प बसले होते तेव्हा म्हणाली होती, "अहो, तुम्ही गेलात तरी मला संध्याकाळपर्यंत कळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी बघूभाऊ खिडकीत बसले. दाढी केलेली नव्हती. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली होती. खिडकीसमोर रांग लागली होती आणि रांगेत सगळ्यात पुढे एक धिप्पाड गृहस्थ हातात उपटून आणलेला नळ घेऊन उभे होते. तो नळ ते खिडकीच्या काचेवर मारणार होते. तसं त्यांनी रांगेतल्या सगळ्यांना सांगितलंही होतं आणि रांग त्याचीच वाट पाहत होती.

गृहस्थांनी हात उगारला, आत पाहिलं आणि हात तसाच राहिला.

"काय झालं हो?"

"बायको गेली," बघूभाऊ म्हणाले.

"कधी?"

"काल."

गृहस्थांनी नळ अलगद, आवाज होणार नाही असा फळीवर ठेवला. "माफ करा. आमचं काय, आम्ही आणू कुठून तरी पाणी," असं म्हणून ते गेले. त्यांच्या मागच्या बाईंनी ऐकलं, त्यांनी मागे सांगितलं, मागच्यांनी त्यांच्या मागे. चपला वाजू न देता रांग विरघळली. दुपारी मुख्य कार्यालयाची माणसं आली तेव्हा तक्रार खिडकीसमोर चिटपाखरू नव्हतं. त्या दिवशी एकही तक्रार नोंदली गेली नव्हती. ऑफिस सुरू झाल्यापासून असं कधी घडलं नव्हतं.

पाहणीच्या माणसांबरोबर सल्लागारबाई होत्या. मुख्य कार्यालयाने सगळ्या शाखांत 'अस्सल मी' अभियान सुरू केलं होतं आणि बाई त्याच्या प्रमुख होत्या. वय लहान, चष्मा मोठा. कर्मचाऱ्यांनी कामावर येताना आपला खरा स्वतः सोबत आणावा, असं परिपत्रक आधीच निघालं होतं. खरा स्वतः घरी विसरून आल्यास अर्धा दिवस बिनपगारी धरला जाईल, अशी तळटीपही होती. माणूस मुळात जसा आहे तसाच कामावर राहिला, तर कामातच त्याला आयुष्याचं सार्थक सापडतं, असा बाईंचा सिद्धांत होता. त्यासाठी त्या चहाच्या खोलीत एकेकाला बोलावून विचारत, "तुम्हाला मुळात काय व्हायचं होतं?"

फिटर म्हणाला, शाळेत चित्रकला बरी होती. त्याला तिथल्या तिथे चित्रकार ठरवण्यात आलं. व्हॉल्व्ह उघडबंद करणारा म्हणाला, मला काहीच व्हायचं नव्हतं. बाईंनी डोळे मिटून मान हलवली आणि त्याची चिंतक म्हणून नोंद केली. शिपायाने बराच विचार करून सांगितलं की त्याला मुळात साहेब व्हायचं होतं. त्याला आणखी विचार करायला सांगण्यात आलं.

मग बघूभाऊ आत गेले. साहेब तिथेच बसले होते.

"तुम्ही आतून कोण आहात?" बाईंनी विचारलं.

बघूभाऊंना प्रश्न नीट कळला नाही. ते म्हणाले, "मॅडम, माझी बायको गेली. काल."

बाईंनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते. "साहेब, बघा. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. इतकी ऑफिसं पालथी घातली मी, पण आतबाहेर एकच असलेला माणूस आज पहिल्यांदा भेटला."

"आमचे बघूभाऊ पहिल्यापासून तसेच आहेत," साहेब म्हणाले. त्यांना हे त्याच क्षणी कळलं होतं.

"मॅडम, मला रजा पाहिजे होती," बघूभाऊ म्हणाले.

"कशासाठी?"

"रडायला. म्हणजे, अजून रडलो नाही मी. आधी हॉस्पिटलची धावपळ, मग घरात माणसं. आज इथे. जरा दार लावून बसायचं आहे."

"मग इथेच रडा की!" बाई पुढे झुकून म्हणाल्या. "काका, लोक जन्मभर शोधत फिरतात. मनातलं आणि पोटापाण्याचं कधी एक होईल म्हणून कोर्स करतात, डोंगरावर जाऊन बसतात. तुमचं एका दिवसात झालं. तुम्हाला तुमचं काम सापडलं आहे. त्याच्यापासून रजा कशाला मागता?"

बघूभाऊंच्या तोंडून सवयीने निघालं, "बघू."

आठवड्याभरात खिडकीवर पाटी लागली: 'शोकाभिमुख जनसंवाद अधिकारी'. ट्यूबलाइट काढून पिवळा दिवा बसवला. टेकून बसल्यावर दुःख सैल पडतं असं निदर्शनास आल्यामुळे पाठ असलेली खुर्ची काढून स्टूल देण्यात आलं. दाढी किती वाढलेली असावी ते ठरलं. ती वाढलेली वाटावी पण अव्यवस्थित वाटू नये, यासाठी न्हाव्याची दर बुधवारी सोय झाली. शर्टाची बटणं त्या दिवशी चुकून चुकली होती, ती आता रोज तशीच चुकवायची होती. एकदा बघूभाऊंनी विसरून बरोबर लावली, तर शिपाई धावत आला आणि त्याने स्वतःच्या हाताने ती उघडून पुन्हा चुकीची लावून दिली.

महिना गेला. "कधी?" या प्रश्नावर बघूभाऊ "महिना झाला" असं सांगू लागले. त्या आठवड्यात तक्रारींनी डोकं वर काढलं. एका माणसाने तर "हो का, बरं, आमच्याकडे चार दिवस पाणी नाही" असं एका दमात म्हटलं. ताबडतोब बैठक झाली.

"'नुकतीच' म्हणा," बाईंनी सुचवलं.

"पण नुकतीच नाही ना गेली."

"काका, तुम्हाला आतून काय वाटतं? नुकतीच गेल्यासारखं वाटतं की नाही?"

"वाटतं."

"मग तेच अस्सल. कॅलेंडर बाहेरचं आहे."

पुढील आदेश होईपर्यंत बायको नुकतीच गेलेली असावी, असं ठरलं.

तक्रारी शून्यावर आल्या आणि शून्यावरच राहिल्या. शाखेला ढाल मिळाली. ढालीवर नळ होता आणि त्या नळातून काही येत नव्हतं. तक्रारीच नाहीत म्हटल्यावर दुरुस्तीला माणसं कशाला, असा प्रश्न वरून आला आणि तो बरोबरच होता. फिटरचे पाने आणि करवती साहेबांच्या खोलीत काचेच्या कपाटात मांडून ठेवल्या, तो पूर्ण वेळ चित्रं काढू लागला. ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर त्याने एक धबधबा काढला. पाणी इतकं हुबेहूब उतरलं होतं की बाहेर तहानलेली कुत्री येऊन भिंत चाटून जात. चिंतक व्हॉल्व्हजवळ बसून विचार करत असे. त्याचा हात व्हॉल्व्हवर असे, पण उघडावा की बंद करावा यावर त्याचं एकमत होत नव्हतं.

गावात पाइप फुटले. चौकात तळी साचली आणि घरात हंडे कोरडे पडले. लोक चिडून घरातून निघत, वाटेत काय काय बोलायचं ते घोकत येत, खिडकीत तो चेहरा बघत आणि मवाळ होत. कुणी म्हणे, "जेवता की नाही वेळेवर?" कुणी म्हणे, "मुलं किती?" एका आजोबांनी तर आपल्या मावसबहिणीचं स्थळ सुचवलं. ती पाण्याच्या टाकीजवळच राहते, हेही त्यांनी सुचवून ठेवलं. जाताना प्रत्येकजण थोडा हलका होऊन जाई. घरी जाऊन सांगे, "आपलं काय मोठं, त्या बिचाऱ्याकडे बघा." आणि लांबच्या विहिरीवर निघून जाई.

शेजारच्या बिलाच्या खिडकीत गोड्या नावाचा कारकून बसत असे. मूळ स्वभाव हसरा ठरल्यामुळे त्याला सतत हसत राहण्याचं काम लागलं होतं आणि हसत हसत वाढीव बिल दिल्याबद्दल त्याने दोनदा मार खाल्ला होता.

"तुमचं बरं आहे बघूभाऊ," तो जबडा चोळत म्हणे. "तुमच्याकडे ठोस कारण आहे. आमची ही ठणठणीत. सर्दीसुद्धा होत नाही."

"असं बोलू नये रे."

"बोलत कुठे आहे? फक्त बघतोय." मग आवाज खाली आणून म्हणे, "सासूबाईंना खोकला झालाय. सासू चालेल का, मॅडमना विचारून बघता?"

बघूभाऊंनी विचारलं नाही, पण गोड्याने स्वतःच विचारलं. नातं अधिक जवळचं असावं, असं उत्तर आलं. त्या दिवसापासून गोड्याची बायको डबा देताना त्याच्याकडे संशयाने बघू लागली.

बघूभाऊंचं मात्र काहीतरी बिघडत चाललं होतं. ते सांगायला माणूस नव्हता, कारण असलं काही सांगायचं माणूस नुकतंच गेलं होतं. पहिल्या दिवशी "बायको गेली" हे शब्द तोंडातून निघताना घसा सोलून निघाल्यासारखं वाटलं होतं. नंतर नंतर ते शब्द "उद्या या" किंवा "शेजारच्या खिडकीत विचारा" यांच्यासारखे निघू लागले. तोंड बोलत असे आणि बघूभाऊ आत बसून छत्री कुठे राहिली याचा विचार करत. संध्याकाळी घरी येऊन ते दार लावून बसत, आता रडू म्हणून. पण दिवसभर तेच काम केलेलं असे. थकून झोप लागे. मिठाईच्या दुकानात काम करणाऱ्याला घरी गोड जात नाही, तसं झालं होतं.

एका रविवारी मुलीचा फोन आला.

"बाबा, कसे आहात?"

"बायको गेली," बघूभाऊ म्हणाले. "नुकतीच."

पलीकडे काही आवाज आला नाही. बघूभाऊंना वाटलं, माणूस निघून गेला असावा. तसे ते जातात.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "ती माझी आई होती."

तेव्हा बघूभाऊंना आपण काय बोललो ते कळलं. हातातला फोन त्यांनी दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानाने ऐकलं तर वेगळं ऐकू येईल.

"चुकलं बाळा. सवयीने गेलं तोंडून."

"सवयीने?" मुलगी म्हणाली. आणि मग रडत रडतच तिने ठणकावलं, "बाबा, तुम्ही रजा घ्या. इकडे या, नाहीतर घरात बसा, पण त्या खिडकीतून उठा. त्यांना आईचं काय पडलंय? तुम्ही तिला तिथे रोज वाटून टाकताय."

सोमवारी बघूभाऊ साहेबांच्या खोलीत गेले. सल्लागारबाईही होत्या, कारण त्यांना आता तिथेच टेबल मिळालं होतं.

"साहेब, माझी रजा. तुम्ही परवापासून म्हणाला होतात."

"म्हणालो होतो, नाही कुठे म्हणतो? पण तुमच्या जागी बसवू कुणाला?" साहेब कळवळून म्हणाले. "त्यासाठी कुणाची तरी बायको जायला हवी." एवढं बोलून त्यांनी टेबलावरच्या आपल्या कुटुंबाच्या फोटोकडे क्षणभर पाहिलं, मग तो हळूच पालथा घातला.

"आणि काका, समजा तुम्ही रजेवर गेलात, दार लावलंत, पोटभर रडलात," बाई म्हणाल्या. "मग?"

"मग बरं वाटेल."

"तेच म्हणते मी. बरं वाटेल! मग आम्ही काय करायचं? रडून मोकळा झालेला माणूस खिडकीत बसवून काय उपयोग? तो पुन्हा 'बघू' म्हणेल आणि लोक नळ फेकून मारतील. तुम्ही जे रोखून धरलंय ना, त्याच्यावर हे सगळं गाव शांत आहे."

बघूभाऊ उठले आणि खिडकीत जाऊन स्टुलावर बसले.

त्याच आठवड्यात मास्तरीणबाई आल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असाच होता. छत्रीच्या दांड्याने त्यांनी फळीवर टकटक केलं.

"पाणी नाही."

"बायको गेली," बघूभाऊ म्हणाले.

"कळलं मला. सगळ्या गल्लीला कळलंय. माझाही नवरा गेलाय. पाण्याचं बोला."

बघूभाऊ गडबडले. यापुढे काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. "नुकतीच," ते म्हणाले.

"नुकतीच म्हणजे किती? मी पावसाच्या आधी आले होते तेव्हाही नुकतीच होती. इतका वेळ माणूस नुकतंच जात राहतं का?" बाईंनी छत्री काखेत मारली. "हे बघा, माझे हे गेले तेव्हाही तुमच्या कृपेने नळाला पाणी नव्हतं. घरात ही एवढी माणसं भेटायला आलेली आणि पाणी एक बादली. लोक येऊन रडायचे, आणि रडून झालं की प्यायला पाणी मागायचे. मी आत उभी राहून एकेक पेला अर्धा भरून देत होते आणि मनात ह्यांना म्हणत होते, मेलात ते मेलात, निदान पाण्याच्या दिवशी तरी मरायचं होतंत!"

बघूभाऊ हसले.

आधी नुसता नाकातून आवाज आला. मग खांदे हलले. मग ते फळीवर हात आपटून हसले, स्टूल कुरकुरलं, आणि मास्तरीणबाईही हसू लागल्या. बिलाच्या खिडकीतून गोड्याने डोकं बाहेर काढलं. इतकं खरं हसणं त्याने त्या इमारतीत कधी ऐकलं नव्हतं आणि हसण्याचं खातं तर त्याच्याकडे होतं.

"हसता काय? लिहून घ्या," मास्तरीणबाई म्हणाल्या.

आणि बघूभाऊंनी लिहून घेतलं. गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीसमोर, मुख्य पाइप फुटलेला आहे. कित्येक महिन्यांतली ती पहिली तक्रार होती. धूळ झटकून पेन शोधावं लागलं.

लगेच चौकशी बसली. आरोप दोन होते. पहिला, कामाच्या वेळेत शोकभंग. दुसरा, तक्रार निवारण कक्षात तक्रार नोंदवून घेणे. दुसरा अधिक गंभीर होता, कारण त्यामुळे ढाल परत जाणार होती.

"बघूभाऊ, तुम्ही हसलात हे तुम्हाला मान्य आहे का?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"का हसलात?"

"हसू आलं म्हणून."

"आतून आलं?" सल्लागारबाईंनी काळजीने विचारलं.

"आतूनच आलं, मॅडम."

बाई विचारात पडल्या. सिद्धांत त्यांच्याच अंगावर येत होता. "पण तुम्ही आतून दुःखी आहात. मग आतून हसू येईल कसं? म्हणजे दोहोंपैकी एक बनावट आहे. दुःख तरी, नाहीतर हसू तरी."

बघूभाऊ खाली बघत होते. मग बोलू लागले, आणि ते कुणाला उद्देशून बोलत नव्हते. "ती बाई बोलली ना, तशीच ती बोलायची. आमची ही. हॉस्पिटलमध्येसुद्धा. शेवटच्या रात्री मला म्हणाली, तुम्ही असं तोंड करून बसू नका, डॉक्टर तुम्हालाच पलंगावर घालतील. मी हसलो नाही. मला वाटलं, असल्या वेळी कसं हसायचं? ती माझ्याकडे बघत राहिली. हसवायलाच बोलली होती ती. मी हसायला पाहिजे होतं, साहेब. तिला ऐकू जाईल असं हसायला..."

आवाज तुटला. इतक्या महिन्यांनी घशात कुठून तरी खालून काहीतरी वर चढत आलं. बघूभाऊंनी दोन्ही हात तोंडावर नेले.

"थांबा!" सल्लागारबाई किंचाळल्या. "इथे नको! इथे नको! खिडकीत चला!"

साहेब खुर्ची सारून उठले. "शिपाई! पिवळा दिवा लाव! रांग आहे का बाहेर? नसली तर जमव!"

दोघांनी बघूभाऊंना दोन बाजूंनी धरलं. "धरून ठेवा काका, अगदी थोडं," बाई वाटेभर सांगत होत्या, "सांडू देऊ नका." मधल्या बोळात फिटर शिडीवर चढून धबधब्याचा दुसरा भाग रंगवत होता. शिडी बाजूला घ्यायला वेळ गेला. स्टूल कुणीतरी चहाच्या खोलीत नेलं होतं, ते आणायला वेळ गेला. शर्टाची बटणं बरोबर लागलेली निघाली, ती चुकवायला वेळ गेला. शेवटी बघूभाऊ स्टुलावर बसले, डोक्यावर दिवा लागला, समोर शिपायाने रस्त्यावरून गोळा करून आणलेली माणसं उभी राहिली. सगळे श्वास रोखून बघू लागले.

"हं," बाई कानाशी म्हणाल्या. "आता."

बघूभाऊंनी खूप प्रयत्न केला. पण जे वर आलं होतं ते जिथून आलं होतं तिथे परत गेलं होतं. डोळे कोरडे होते. घसाही मोकळा होता. समोरच्या पहिल्या माणसाने विचारलं, "काय झालं हो?"

"बायको गेली," बघूभाऊ म्हणाले. "नुकतीच."

चौकशीचा निकाल सौम्य लागला. हसणं हा शोकाचाच एक झटका होता, असं बघूभाऊंकडून लिहून घेतलं आणि त्यांना त्याच खिडकीत कायम केलं. मास्तरीणबाईंची तक्रार मात्र नोंदली गेली होती, ती पुसता येत नव्हती, म्हणून ती फिटरकडे पाठवली. फिटर लगेच गेला. गिरणीसमोर फुटलेल्या पाइपापाशी तो दिवसभर बसला आणि त्याने पाइपाचं चित्र काढलं. फार जिवंत आलं आहे. ते आता मुख्य कार्यालयात लावलं आहे. मास्तरीणबाई पुन्हा आल्या होत्या, पण त्यांच्यासाठी आता वेगळी खिडकी आहे आणि ती बंद असते.

तुम्हीही एकदा आला होतात. बाटलीत गढूळ पाणी भरून आणलं होतं, ते साहेबांच्या टेबलावर ओतणार होतात. खिडकीत तो चेहरा दिसला आणि बाटली पिशवीत परत गेली. तुम्ही दोन शब्द समजुतीचे बोललात, त्यांच्या हातावर हात ठेवलात आणि आपण आतून किती चांगले आहोत या समाधानात घरी गेलात. ते समाधान खरंच होतं, त्याबद्दल वाद नाही. त्या रात्री तुम्ही पाणी उकळून प्यायलात.

पाइप अजून फुटलेला आहे. बघूभाऊंची रजा मंजूर झालेली नाही. बायकोसाठी रडायचं राहिलं आहे.